गुडघा, वारा आणि पिकरेल लेक : क्वेटिकोतील एका कनू सहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात झालेल्या सात दिवसांच्या एका मार्गदर्शित कनू सहलीचे आहे. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्यांनी चालवायची हलकी होडी. सहल कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील क्वेटिको प्रांतिक उद्यानात झाली आणि तिच्यात मी सहायक मार्गदर्शक होतो. सहभागी व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे, वर्ष आणि आयोजक संस्थेचा उल्लेख गाळला आहे.

क्वेटिको हे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या सीमेला लागून असलेले सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचे अरण्य आहे. १९१३ साली त्याला उद्यानाचा दर्जा मिळाला. आत दोन हजारांहून अधिक सरोवरे आहेत आणि नद्या, ओढे व धबधबे यांनी ती एकमेकांत गुंतलेली आहेत. आत मोबाइलची रेंज नाही आणि मुक्कामाच्या जागांवर पाट्या नाहीत. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना मध्ये जमीन आली, की कनू उलटी करून तिचे जू, म्हणजे मधला आडवा दांडा, खांद्यांवर घ्यायचे, सामानाच्या पिशव्या पाठीवर टाकायच्या आणि पायवाटेने पलीकडचे पाणी गाठायचे. याला पोर्टेज म्हणतात. पोर्टेजच्या तोंडाशीही खूण नसते. ते नकाशावरून आणि किनाऱ्याच्या आकारावरून ओळखावे लागते. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे चालतात, आणि खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे व बाटल्या आत नेता येत नाहीत.

आमचा मार्ग फ्रेंच लेकवरून एका लहानशा प्रवाहाने पिकरेल लेकमध्ये, तिथून पाइन पोर्टेजने डोरे लेकमध्ये, पुढे द्यू रिव्हिएर पोर्टेजने स्टर्जन लेकमध्ये आणि शेवटी रसेल लेकच्या काठी चॅटरटन धबधब्यापर्यंत जात होता. परतीची वाटही तीच. कनूला ‘जिमान’ म्हणणाऱ्या इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा जलमार्ग आहे. पुढे फरच्या व्यापाऱ्यांची माणसे चाळीस-चाळीस किलोंचे गठ्ठे पाठीवर घेऊन इथून गेली, आणि १८७० मध्ये ब्रिटिश कर्नल वुल्झली यांची फौजही याच मार्गाने पश्चिमेकडील रेड रिव्हर वसाहतीकडे गेली. द्यू रिव्हिएरचा चिखल तुडवताना हा इतिहास पायाला चांगलाच जाणवतो.

आम्ही आठ जण होतो आणि आमच्या चार कनू होत्या. मुख्य मार्गदर्शिका या पाण्यावर वीस वर्षे काढलेल्या होत्या. पाहुण्यांमध्ये मिसिसागा येथे राहणारे एक मराठी जोडपे, त्यांचे एक मित्र-दांपत्य, विनिपेगहून एकटे आलेले एक मध्यमवयीन गृहस्थ आणि त्या मराठी मुलीचे पुण्याहून आलेले वडील होते. वडील बासष्ट वर्षांचे, निवृत्त अभियंता. पर्वतीची टेकडी रोज चढणारे. त्यांना मी पहिल्या दिवसापासून काका म्हणत होतो आणि ते मला ‘अरे’ म्हणत होते. कनूत ते पुढे बसायचे आणि मी मागे सुकाणूला. दोघांना मराठी येते, तर बरे पडेल, असे मुख्य मार्गदर्शिकेनेच ठरवले होते.

सुरुवातीलाच राहून गेलेल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. सातव्या दिवशी सकाळी पिकरेल लेकच्या पश्चिम भागातून निघून दुपारी एकपर्यंत फ्रेंच लेकचा धक्का गाठायचा, तिथून सुमारे दोन तासांच्या मोटारप्रवासाने थंडर बे शहर, संध्याकाळच्या विमानाने टोरांटो आणि दुसऱ्या दिवशी काकांचे मुंबईचे विमान, असा हिशेब होता. थंडर बेचे घड्याळ उन्हाळ्यात या भागाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असते. तो तास वजा केल्यावर हाताशी फारसे काही उरत नव्हते. वाऱ्यामुळे एखादा दिवस किनाऱ्यावर बसून काढावा लागेल, ही शक्यता वेळापत्रकात कुठेच धरलेली नव्हती. पिकरेल हे पूर्व-पश्चिम पसरलेले मोठे सरोवर आहे. वाऱ्याला तिथे मोकळी धाव मिळते, आणि हे आम्हां दोघा मार्गदर्शकांनाही चांगले ठाऊक होते. तरीही आम्ही ते वेळापत्रक मान्य केले.

दुसरी गोष्ट आरोग्याच्या अर्जाची. अर्जात हृदयविकार, दमा, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची विचारणा होती. ‘तुम्हाला अर्धा तास गुडघ्यांवर बसता येते का’ हा प्रश्न नव्हता. हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, म्हणून कारण सांगतो. कनूतील बैठक तळापासून बरीच वर असते, आणि शांत पाण्यात तिच्यावर बसून वल्हवणे सोयीचे जाते. पण लाटा सुरू झाल्या, की सगळ्यांनी बैठकीवरून खाली सरकून तळावर गुडघे टेकायचे असतात. दोन्ही गुडघे फाकवून तळाला आणि कंबर बैठकीच्या काठाला, असा तीन ठिकाणी आधार मिळाला की शरीराचे वजन खाली जाते आणि डुलणारी कनू कमरेने सांभाळता येते. पुढचा माणूस वर बसून राहिला, तर मागच्याने कितीही कसब लावले तरी नाव उलटण्याचा धोका वाढतो.

द्यू रिव्हिएरचा चिखल

तिसऱ्या दिवशी जाताना द्यू रिव्हिएर पोर्टेजवर काकांचा डावा पाय चिखलात मांडीपर्यंत गेला. पाठीवर पिशवी होती. पाय अडकलेला असताना शरीर पुढे गेले आणि गुडघा पिळला गेला. ते उठले, हसले, ‘पुण्यातल्या खड्ड्यांची सवय आहे’ म्हणाले आणि पिशवी पोहोचवूनच थांबले. मुख्य मार्गदर्शिकेने विचारले तेव्हा त्यांनी अंगठा वर करून दाखवला. त्या संध्याकाळी ते चुलीजवळ एक पाय लांब करून बसले होते. मी ते पाहिले आणि थकवा समजलो.

चौथ्या दिवशी चॅटरटन धबधब्याच्या वरच्या खडकावर आम्ही दोघेच होतो, तेव्हा त्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला. वाटीच्या आतल्या बाजूला सूज होती आणि पाय काटकोनापलीकडे दुमडत नव्हता. ते म्हणाले, “अरे, गुडघा जरा बोलतोय, बाकी काही नाही. पण पोरीला सांगू नकोस हं. तिनं सहा महिने आधी सुट्टी टाकलीये या ट्रिपसाठी. उगाच सगळ्यांच्या आनंदावर विरजण नको.” मी विचारले, की मुख्य मार्गदर्शिकेला सांगू का. ते म्हणाले, “तिला सांगितलंस की ती हिला विचारणारच. चालता येतंय ना मला? मग झालं.”

मी ‘बरं काका’ म्हणालो. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय हाच होता, आणि तो माझा होता. त्या क्षणी मला तो निर्णय वाटलाच नाही. वडीलधाऱ्या माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्यापाशी ठेवणे एवढेच वाटले. परक्या देशात, आठवडाभर इंग्रजी ऐकल्यावर कोणीतरी आपल्या भाषेत आपल्याशी मोकळे होते तेव्हा त्या मोकळेपणाची किंमत फार वाटते, आणि तो मोडायला जीव होत नाही. मी त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधली, सूज उतरवण्याच्या गोळ्या दिल्या, परतीच्या पोर्टेजवर त्यांची पिशवी मी दुसऱ्या फेरीत नेली आणि त्यांच्या हातात फक्त वल्ही दिली. चालण्याचा प्रश्न मी सोडवला होता. गुडघे टेकण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, कारण ते चार दिवस पाणी आरशासारखे होते आणि कोणालाच गुडघे टेकावे लागले नव्हते.

सातव्या दिवसाची सकाळ

सहाव्या दिवशी दुपारी चारला आम्ही पाइन पोर्टेज ओलांडून पिकरेलवर आलो. वारा नव्हता. उजेड साडेनऊपर्यंत राहतो. दोन-तीन तास आणखी वल्हवून बरेच अंतर कापता आले असते. मुख्य मार्गदर्शिकेने सगळ्यांकडे पाहिले, माणसे दमलेली दिसली आणि तिने तिथेच मुक्काम ठरवला. रात्री उपग्रह-यंत्रावर हवामानाचा अंदाज आला : दुसऱ्या दिवशी पश्चिमेचा वारा, सकाळी मध्यम, दुपारनंतर जोरदार. सकाळी लवकर निघालो तर जोर धरण्याआधी बरीच मजल होईल आणि वारा पाठीशीच राहील, असे आम्ही धरून चाललो.

पाठचा वारा नवख्या माणसाला आवडतो, आणि ते स्वाभाविक आहे. किनाऱ्यावरून पाहिले तर लाटांची पाठ दिसते, फेसाळ तोंड दिसत नाही. ज्या किनाऱ्यावरून आपण निघतो तो आपल्याला वाऱ्यापासून आडोसा देत असतो, त्यामुळे तिथले पाणी शांत असते. जसजसे आत जावे तसतशी वाऱ्याची धाव लांबते आणि लाट वाढत जाते, आणि आपण त्या वाढत्या लाटांच्याच दिशेने चाललेले असतो. मागे वळून परतायचे तर आता समोरून वारा. म्हणून पाठच्या वाऱ्यात परतीचा निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि लवकर घ्यायचे कारण डोळ्यांना दिसत नसते.

साडेसहाला आम्ही निघालो तेव्हा पाण्यावर नुसत्या सुरकुत्या होत्या. जमिनीची एक लांब जीभ ओलांडून आम्ही मोकळ्या पाण्यात आलो आणि पंधरा मिनिटांत लाटांच्या माथ्यावर पांढरे दिसू लागले. अंदाजात दुपारी येणारा वारा सकाळीच आला होता. पुढच्या कनूतून मुख्य मार्गदर्शिकेने हात खाली करून इशारा केला : सगळ्यांनी गुडघ्यांवर.

मी खाली सरकलो. काका सरकले नाहीत. त्यांनी डावा हात काठावर ठेवला, उजवा गुडघा टेकला, डावा टेकवायला गेले आणि तोंडातून ‘आई गं’ निघाले. ते पुन्हा बैठकीवर बसले, डावा पाय पुढच्या टोकाच्या आत सरळ लांबवला आणि वल्हे हातात धरून राहिले. मागून आलेल्या लाटेने कनू उचलली, ती उतारावर धावली, पुढचे टोक समोरच्या लाटेत घुसले आणि डावीकडे वळू लागले. मी वल्हे पाण्यात रोवून तिला सरळ केले. दुसऱ्या लाटेला काठावरून पाणी आत आले. दोरीने बांधलेला प्लास्टिकच्या कॅनचा अर्धा तुकडा, म्हणजे आमचे पाणी उपसायचे भांडे, काकांच्या पायाशी तरंगू लागला. त्यांनी ते उचलले आणि एकही शब्द न बोलता उपसू लागले. पाणी किती गार आहे, ते त्यांच्या लाल झालेल्या बोटांवरून दिसत होते. आदल्या दिवशी मी काठाशी तापमान मोजले होते : अकरा अंश सेल्सिअस.

तेव्हा मी ओरडून मुख्य मार्गदर्शिकेला सांगितले, की काकांचा गुडघा दुमडत नाही. तिला हे पहिल्यांदाच कळत होते. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले, उजवीकडे साधारण तीनशे मीटरवर असलेल्या एका लहान बेटाकडे वल्हे रोखले आणि चारही कनू त्याच्या आडोशाला घेतल्या.

बेटावर मांडलेले पर्याय

बेटावर उतरल्यावर तिने आधी चूल पेटवली. सगळ्यांच्या हातात गरम चहा जाईपर्यंत तिने चर्चा सुरू होऊ दिली नाही. माझ्यावर ती रागावली असेल, पण तेव्हा तिने एवढेच विचारले : “आणखी काही आहे का, जे मला माहीत नाही?” मी गोळ्यांसह सगळे सांगितले. काकांची मुलगी ऐकत होती. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पहिला पर्याय किनाऱ्याला चिकटून पुढे जाण्याचा होता. जावयांचा त्याला आग्रह होता, कारण विमान संध्याकाळचे होते. अडचण अशी, की किनारा सरळ नाही. खोल खाड्यांची तोंडे ओलांडावीच लागतात, आणि खडकाळ टोकांवरून परतणाऱ्या लाटा किनाऱ्याजवळचे पाणी अधिक वेडेवाकडे करतात.

दुसरा पर्याय दोन कनू आडव्या दांड्यांनी जोडून एक रुंद तराफा करण्याचा. तो विनिपेगच्या गृहस्थांनी सुचवला आणि ऐकायला फार चांगला होता. मुख्य मार्गदर्शिकेने तो थोडा वेळ विचारात घेतला आणि सोडून दिला : मागून येणाऱ्या उंच लाटांमध्ये दोन नावांच्या मधल्या फटीतून पाणी कारंज्यासारखे वर येऊन आत पडते, आणि बांधणी सुटली तर एकाच वेळी दोन्ही नावांतली माणसे पाण्यात जातात. मंद वाऱ्यात तो तराफा मी स्वतः वापरलेला आहे. त्या सकाळी तो नको होता, हे मला आजही पटते.

तिसरा पर्याय मागे फिरून उत्तरेकडे बॅचवाँगच्या वाटेने निम लेक गाठण्याचा. तिथून ॲटिकोकन गाव जवळ आहे. पण आधी वाऱ्याच्या विरुद्ध आणि मग लाटांना कूस देऊन जावे लागले असते, आणि वाटेत सुजलेल्या गुडघ्याने आणखी एक पोर्टेज होते.

चौथा पर्याय उपग्रह-यंत्रावरील आणीबाणीचे बटण. मित्र-दांपत्यातील बाईंनी तो भीतभीत विचारला, आणि विचारला हे चांगलेच केले. काकांच्या जिवाला धोका नव्हता, बेटावर अन्न, निवारा आणि औषध होते, आणि तशा लाटांवर पाण्यावरचे विमान उतरवायला सांगणे म्हणजे आणखी एका माणसाला धोक्यात घालणे. बटण दाबायचे नाही असे ठरले. तळावरील कार्यालयाला मात्र साधा संदेश गेला : वाऱ्यामुळे थांबलो आहोत, सगळे सुखरूप, आज पोहोचणार नाही, पाहुण्यांची विमाने बदला.

पाचवा पर्याय थांबण्याचा. त्याची किंमत उघड होती : काकांचे तिकीट, तिघांच्या कामावरच्या रजा आणि एका दिवसाचे जादा अन्न, जे आमच्याकडे डाळ-तांदूळ आणि ओट्सच्या रूपाने जेमतेम होते.

जावई म्हणाले, की सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे, मग इतकी भीती कशाची. मुख्य मार्गदर्शिकेने त्यांना ११ जून १९७८ ची हकिकत सांगितली. ओंटारिओ आणि क्वेबेकच्या सीमेवरील टिमिस्कॅमिंग लेकवर एका शाळेच्या कनू सहलीतील १२ मुले आणि एक शिक्षक त्या दिवशी गेले. एक कनू उलटली, मदतीला गेलेल्याही उलटल्या. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट होते. थंड पाण्याने जीव घेतला. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी गार पाण्यासाठी एक-दहा-एक असा ठोकताळा दिला आहे : श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय उपयोगाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शरीर गारठून शुद्ध हरपण्याआधीचा साधारण एक तास. मोकळ्या पिकरेलमध्ये बरोबर मध्यावर उलटलो, तर त्या दहा मिनिटांत काठ येत नाही. ती हे सांगताना आवाज चढवत नव्हती. जावई गप्प झाले आणि त्यांनी तंबू उभारायला घेतला.

संध्याकाळचा दुसरा निर्णय

दिवसभर वारा वाहत राहिला. संध्याकाळी सातला तो पडू लागला आणि साडेसातला झाडांची टोके स्थिर झाली. आता पुन्हा प्रश्न उभा राहिला, आणि मला तो सकाळच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. उजेड दोन तास होता. रात्रीतून पोहोचलो तर टोरांटोचे पहाटेचे विमान आणि तिथून काकांचे मुंबईचे विमान कदाचित साधले असते. वारा पडला तरी पाण्याची उसळ लगेच जात नाही, पण तीही ओसरत होती.

मी निघायच्या बाजूने होतो आणि तसे बोललो. मुख्य मार्गदर्शिका म्हणाली, की चार तासांच्या मजलेतले शेवटचे दोन तास अंधारात जातील. त्या वेळी वारा पुन्हा उठला तर आडोसा शोधायला डोळे नसतील. शिवाय दिवसभर माणसे अर्धपोटी होती, आणि थकलेला माणूस थंडीत लवकर कोलमडतो. तिने नाही म्हटले. रात्री वारा पुन्हा उठला नाही. आम्ही गेलो असतो तर बहुधा पोहोचलो असतो. तरीही तेव्हा जेवढे माहीत होते तेवढ्यावर तिचा निर्णय मला योग्य वाटतो, आणि माझे मत विमानाच्या वेळेने बनवलेले होते, हे मी मान्य करतो.

त्या रात्री काका चुलीपाशी मला म्हणाले, “चूक माझी झाली. पण तू मला ऐकवायला हवं होतंस. मी वयानं मोठा असलो, तरी नाव तुझी होती.”

पहाटेचा प्रवास

पहाटे चारला उठून, चहा आणि गरम ओट्स खाऊन, पाचच्या आत आम्ही पाण्यावर होतो. जूनमध्ये सूर्योदय पाचच्या सुमारास होतो आणि त्याआधी अर्धा-पाऊण तास पुरेसा उजेड असतो. बैठक पूर्ण बदलली. काका माझ्या कनूच्या मधोमध, तळावर अंथरलेल्या झोपायच्या गादीवर, पाय सरळ आणि पाठ एका पिशवीला टेकवून बसले. पुढच्या जागी विनिपेगचे गृहस्थ आले. आमच्यातले बाकीचे सामान मुख्य मार्गदर्शिकेच्या कनूत गेले, आणि ती एकटी असल्याने पुढचे टोक दाबून ठेवायला ते वजन तिला उपयोगी पडले. दोन्ही जोडपी आपापल्या कनूत राहिली. क्रमही ठरवला : आम्ही मध्ये, एकमेकांमधले अंतर हाक ऐकू जाईल इतके, आणि दर अर्ध्या तासाने पुढचा आडोसा कोणता, हे सगळ्यांना नकाशावर दाखवायचे.

पाणी सपाट होते. लून पक्ष्याचा आवाज एका काठावरून निघून दुसऱ्यावर आदळत होता. काका वल्हे मांडीवर आडवे ठेवून बसले होते आणि तासाभराने त्यांनी अगदी हळू विचारले, “मी मारू का थोडं?” बसल्या बसल्या ते उजव्या बाजूने वल्हवू लागले. नऊच्या सुमारास आम्ही प्रवाहाच्या तोंडाशी आणि थोड्याच वेळात फ्रेंच लेकच्या धक्क्याला लागलो.

परिणाम

थंडर बेच्या रुग्णालयात एक्स-रे काढला. हाड मोडलेले नव्हते, अस्थिबंध ताणला गेला होता. काकांचे विमान चुकले आणि ते दोन दिवसांनी निघाले. तिकीट बदलण्याचा खर्च कुटुंबाला स्वतः सोसावा लागला, आणि जावयांनी आयोजकांकडे त्याबद्दल तक्रार केली. ती रास्त होती, कारण वाऱ्याच्या दिवसाची कल्पना त्यांना आधी कोणीच दिली नव्हती. आयोजकांनी सहलीच्या शुल्कातील काही भाग परत केला. मुख्य मार्गदर्शिकेने माझ्याविषयीचा अहवाल लिहिला, मला वाचायला दिला आणि मगच पाठवला. त्यात एकही शब्द वाढवलेला नव्हता.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी माझे मौन. काकांना नकार देण्याचीही गरज नव्हती. ‘काका, मुलीला मी सांगत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मुख्य मार्गदर्शिकेला सांगणं माझं काम आहे, आणि तिला आत्ता तुमच्यासमोरच सांगतो’, एवढे म्हणता आले असते. असे म्हटले असते, तर चौथ्या दिवशीच बैठक बदलली असती. कदाचित सहाव्या दिवशीच्या शांत संध्याकाळी तिने मुक्कामाऐवजी पुढे जायचे ठरवले असते, कारण गटातला एक माणूस लाटांत गुडघे टेकू शकणार नाही हे तिला माहीत असते. तिच्या त्या संध्याकाळच्या निर्णयाला मी चूक म्हणू शकत नाही. तिने ज्या माहितीवर तो घेतला ती मी अपुरी ठेवली होती.

दुसरे, सातव्या सकाळी अंदाज ‘दुपारनंतर जोरदार’ असताना साडेसहाला निघणे उशिराचे होते. पाचला निघालो असतो, तर जमिनीची ती जीभ ओलांडताना वारा उठलेला नसता. आदल्या रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगल्या होत्या आणि लवकर उठवायला आम्हांलाच संकोच वाटला. शिवाय आडोशाच्या शेवटच्या टोकाला पाच मिनिटे थांबून मोकळ्या पाण्याकडे पाहायला हवे होते. आम्ही न थांबता टोक ओलांडले.

तिसरे, दोघा मार्गदर्शकांपैकी एकालाच येणारी भाषा. तिचा फायदा मोठा आहे : काका बोलले ते मराठीत, म्हणून तरी बोलले. पण त्यामुळे माहितीची सगळी वाट एकाच माणसातून जाते. आता मी पहिल्याच संध्याकाळी, मुख्य मार्गदर्शकाच्या उपस्थितीत, मराठी पाहुण्यांना सांगतो, की दुखण्याखुपण्याबद्दल मला जे सांगाल ते आम्हां दोघांना सांगितल्यासारखे आहे. ऐकणारे बहुतेक मान डोलावतात. एक आजी मात्र म्हणाल्या होत्या, “मग आत्ताच सांगते,” आणि त्यांनी मधुमेहाच्या गोळ्यांची डबी बाहेर काढली.

आयोजकांनी त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून सात दिवसांच्या सहलीत सहा दिवसांचाच मार्ग आखायला सुरुवात केली आणि परतीचे विमान शेवटच्या दिवशी ठेवू नये, असे पाहुण्यांना लेखी कळवले. अर्जात गुडघ्याचा प्रश्न आला. त्याशिवाय निघण्याआधी फ्रेंच लेकच्या वाळूवर कनू ठेवून प्रत्येकाला तिच्यात पाच मिनिटे गुडघ्यांवर बसवले जाते. लोक हसतात, फोटो काढतात. गेल्या वर्षी एका गृहस्थांना तिसऱ्या मिनिटाला पाय लांब करावा लागला. आम्ही त्यांची जागा तिथेच मध्ये केली, त्यांच्यासाठी जाड गादी घेतली आणि पिकरेलवर निघालो.